सुंभ

तापाच्या सातव्या दिवशी द्वारका गिरप घरी आली
आणि आठव्या दिवशी काथ्याला बसली.
मी रक्त घ्यायला गेले होते उभादांड्याला,
प्लेटलेटचा आकडा अजून मनासारखा चढत नव्हता.
एक हात पुढे केला तिने, दुसरा काथ्यातच.
"डेंग्यूचो किडो दिसता तरी कसो गो?"

किडा नाही, म्हटलं. धागा.
आरएनए म्हणतात त्याला.
पावणेअकरा हजार अक्षरं, तीही चारच,
पुन्हा पुन्हा तीच.

"मगे एवढो धागो इतक्याशा जिवात मावता कसो?"
मी सांगू लागले, आणि अडले.
रक्ताच्या जागेवर कापूस दाबून झाल्यावर
तिने सुंभाची दोन टोकं धरली,
पीळ देत गेली, देत गेली,
मग हात जवळ आणले:
मध्येच सुंभ स्वतःभोवती वळून उभा राहिला,
एक तुरा, खाली एक फास.
"पीळ जास्ती झालो की तो आपणच दुमडता.
तेका कोणी शिकवूक नको."

माझी दोन वर्षं कॉलेजात गेली होती.

असाच एक तुरा धाग्याच्या आरंभी असतो.
त्याच्यावर येऊन बसतो नक्कल काढणारा कारकून.
पण नक्कल सुरू करायची शेवटापासून,
आणि शेवट तर वेंगुर्ल्याहून रेडीइतका लांब.
तेव्हा शेवटची काही अक्षरं
आरंभीच्या काही अक्षरांना ओळख देतात,
टोकाला टोक भिडतं,
आणि कारकून एका पावलात पलीकडे.
सुटा असतो तोवर धागा वाचला जातो,
जुळला की उतरवला जातो.
एका वेळी दोन्ही नाही.

पेशीतही सफाईवाले असतात, आमच्यासारखेच.
त्यांतला एक टोकापासून धागा खात येतो
आणि शेवटाजवळ एका गाठीपाशी थबकतो.
गाठ अशी, की टोकच तिच्या कड्यातून ओवलेलं.
उरतो तेवढा तुकडा.
त्यात कुठल्याच प्रथिनाची कृती नाही, नुसता आकार,
आणि तेवढ्याने तो
पेशीची हाकाटी दाबून ठेवतो.

"म्हणजे सुंभ जळालो तरी..." ती म्हणाली,
पुढचं दोघींनाही ठाऊक होतं.

मी मांगरामागे गेले. ते माझं खरं काम.
करवंट्या एकवीस. आठांत पाणी, पाचांत अळ्या,
पाण्याच्या पाठीला शेपटीने टांगलेल्या.
एकेक उलटी केली. वाळूने पाणी पिऊन टाकलं.
वहीत आकडा लिहिताना
अंगणातली सून माझ्याकडे बघत नव्हती.

परतले तर द्वारका घमेल्यापाशी.
काल धुरासाठी पेटवलेला सुंभाचा तुकडा
राख होऊन पडला होता,
पीळ न् पीळ मोजता येईल असा.
तिने काडी लावली.
एक वळसा ढासळला.
बाकीचे तसेच.