सहा महिन्यांपुरतं

ऑइल पेंट नको मुनीर, म्हणाले डॉक्टर,
पाण्यानं निघंल असं काहीतरी लाव.
मी बादलीत चुना कालवला, मूठभर डिंक टाकला.

सेलूत जिंतूर नाक्यावरची ही पाटी माझ्याच हातची,
अठरा वर्षांखालची.
डॉ. दिगंबर देशमाने, त्याखाली नोंदणी क्रमांक,
चाराची गाठ मी तेव्हा जरा मोठीच काढायचो.
कोपऱ्यात बारीक : मुनीर आर्ट्स.

मुंबईहून कौन्सिलचं पत्र आलं,
नाव रजिस्टरातून कमी, सहा महिने.
नाव तेवढं.
खाटा आहेत, सलाईनचे स्टँड आहेत,
भाच्याची डिग्री आहे. पुढच्या सोमवारी
भाच्याचं नाव लिहायला मलाच यायचंय.

अनुसयाबाई धापसेची केस बसस्टँडवर सगळ्यांना पाठ.
पोट दुखतं म्हणून आली
आणि पिशवी काढून घरी गेली.
संमतीच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा,
निळा, ठसठशीत, रेघ न् रेघ मोजावी असा.
अन् डावा अंगठा बाईला नाहीच.
कडबाकुट्टीत गेला, थोरला पोरगा पोटात असताना.

तीन वर्षं तारखा.
शेवटच्या तारखेला तिनं म्हणे
साहेबांच्या टेबलावर नुसता हात ठेवला.

मी शिडीवर. ब्रश 'देशमाने'च्या 'मा'वर.
खालून आवाज आला, कामून पुसायलास रे भाऊ?
डोक्यावर शेपूच्या जुड्यांची पाटी, तीच.
म्हटलं, सहा महिन्यांसाठी.
आन् मंग?
मंग पाणी मारायचं.

ती मान वर करून बघत राहिली.
तिला वाचता येत नाही.
ती काय बघत होती ठाऊक नाही.

त्या वर्षी आतल्या भिंतीला हिरवा पट्टा मारत होतो.
कंपाउंडर म्हणाला, मुनीरभाई, जरा हात दे,
साहेब घाईत आहेत, बाई आत बेशुद्ध.
म्हटलं, मला लिहिता येतं की,
सगळ्या गावाची नावं मी लिहितो.
तो हसला. सही नको रे,
अंगठाच पाहिजे.
डावा.

शेपूवाली गेली असंल, मी खाली बघितलं नाही.
चुना ओला असतो तोवर
आतली अक्षरं दिसत राहतात.
सुकला की मग पांढरा.
मी शिडीवरच थांबलो, सुकायची वाट बघत.