पार्श्वभूमी अपूर्ण

बत्तीस वर्षं मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं:
कागद कोरा सोडू नये.
आकाशाला निळा वॉश, जमिनीला पिवळी माती,
उरलंच काही तर दोन पक्षी.

इंटरमिजिएटच्या सराव परीक्षेत
सुभान तडवीनं खाली केळीचं एक पान काढलं,
वर, अगदी वर, सातपुड्याची एक रेघ,
आणि मधला सगळा कागद
दुकानातून आणला तसाच ठेवला.
"हे काय रे?"
"तठे ऊन शे, सर."
मी लाल शाईनं लिहिलं: पार्श्वभूमी अपूर्ण.
शंभरात अडतीस.

पुढे कधीतरी सोसायटीच्या ऑफिसात,
केळीभावाच्या फळ्याखाली,
कुणा जपानी पाहुण्यानं दिलेलं कॅलेंडर.
साल उलटून गेलेलं, पान कुणी उलटलं नव्हतं.
चार काळे फराटे, त्यांना झाडं म्हणायचं.
डोंगर आहे, डोंगराला पाय नाहीत.
बाकी कागद.
हातात फॉर्म धरून मी
त्या न काढलेल्या भागाकडे बघत राहिलो
आणि माझा नंबर गेला.

पेन्शनीत वेळ असतो.
वैशाखात तापीकाठी बसलो, शाईची वाटी घेऊन.
तिकडे धुकं असणार, शाई ओली राहत असणार.
इथे ब्रश वाटीतून कागदापर्यंत येईतो
निम्मा सुकतो,
केस फाकतात,
आणि एका ओढीत जे उमटतं
ते वाऱ्यानं चिरलेलं केळीचं पान असतं,
मी न चिरता.
इथवर जमलं.
समोर झळांमध्ये सातपुड्याचे पाय विरघळलेले.
तेवढी जागा सोडायची, बस्स.
आणि माझा हात, बत्तीस वर्षांचा मास्तरी हात,
तिथे दोन पक्षी काढतो.

सुभान भेटला अडावदच्या रस्त्यावर.
बांधकाम खात्याच्या निंबांना गेरू-चुना लावत होता.
रुंद ब्रश, खोडाभोवती एक वळसा.
सालीच्या खाचेत चुना पोचला नाही
तिथे त्यानं हात पुन्हा फिरवला नाही.
"ते चित्र आहे का रे तुझ्याकडे?"
"कोणतं, सर?"
बादली उचलून तो पुढच्या झाडाकडे निघाला.
मधलं एक झाड रस्तारुंदीत गेलेलं.
तिथे तो थांबला नाही,
फक्त पावलं जरा हळू टाकली.