उन्हाळी

मे महिन्यात चोपड्याला कुणालाही उन्हाळी लागते.
उन्हायी, म्हणतात इकडे, ळ गिळून.
खिडकीशी आलेली बाई आधी हेच सांगते,
धन्याचं पाणी झालं, सब्जा झाला,
शेजारणीनं दिलेली खडीसाखर झाली,
तरी जळजळ जाईना.

मी कंत्राटी, अकरा महिन्यांची.
डॉक्टर तपासतात, झोपेताई पडद्यामागे बसून विचारतात,
मग कागद माझ्याकडे सरकतो
आणि मी दुखण्याचा नंबर करते.
जळगावच्या प्रशिक्षणात शिकवलंय :
लक्षणाला एक नंबर, जंतूला दुसरा,
जंतू सापडलाच नाही तर तिसरा.
'बहुधा', 'असावा', 'वाटतो' यांना नंबर नसतो.
आणि चहाच्या आधी ते सर म्हणाले होते,
लिहिलं नाही ते झालं नाही.

दोनशे अकरा आली साडेअकराला.
नाव मला ठाऊक आहे, रजिस्टरला नाही.
पायात नवऱ्याच्या चपला, दोन बोटं मोठ्या.
झोपेताईंनी चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली,
"उन्हायीच लागनी व्हई, ताई.
मना घरवाला गाडीवर शे,
दिल्लीले केया लई जास.
काही लिखू नका."

तिलाही ते सर भेटले होते की काय.

डॉक्टरांच्या अक्षरात एवढंच :
स्राव. गर्भाशयाच्या तोंडाशी सूज.
तपासणीचं सामान मार्चपासून संपलेलं,
आणि नमुना जळगावला पोचेपर्यंत डबा तापतो.
क्लॅमिडिया म्हणावं तर पुरावा नाही,
परमा म्हणावं तर तो शब्द
आमच्या गल्लीत शिवी म्हणूनच उरलाय.

पडद्यावर दोन ओळी.
आर तीस : लघवीला जळजळ. म्हणजे तिची उन्हायी,
जशीच्या तशी, तिच्याच शब्दात सरकारजमा.
ए चौसष्ट : लैंगिक संक्रमण, अनिर्दिष्ट.
आर तीस टाकला असता तर ती सुटली असती.
पण आर तीसला जोडीदाराचं पाकीट मिळत नाही.
तो दिल्लीहून येईल, हातपाय धुईल, जेवेल,
आणि ऑगस्टमध्ये ती पुन्हा या खिडकीशी,
पुन्हा धन्याचं पाणी पिऊन.

अनिर्दिष्ट हा तसा बरा शब्द आहे.
कोण, कुठे, कुणाकडून, काही विचारत नाही.
मी ए चौसष्ट दाबला.
तिला सांगितलं नाही. माझी मान खालीच होती.

राखाडी पाकिटं दोन.
एक तिनं तिथेच घेतलं, माठाच्या पाण्यानं.
दुसरं, आणि नुसता आकडा लिहिलेलं कार्ड,
पदराच्या गाठीत. गाठ दोनदा ओढली.

माझ्या रजिस्टरात शेवटचा एक रकाना आहे,
जोडीदार आला का.
नाही, नाही, नाही, खाली एक भागिले चिन्ह,
मग शाई बदलते आणि पुन्हा नाही.
जूनच्या अहवालात त्याची बेरीज सोपी पडते.

एकोणिसाव्या दिवशी, सगळे जेवायला गेलेले,
कूलर बंद, वाळ्याला कुबट वास,
खिडकीत एक माणूस.
शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग.
ते निघत नाहीत, कितीही घासा,
माझ्या वडिलांचे सगळेच शर्ट तसे होते.
त्यानं कार्ड सरकवलं, उलटं करून.
घामानं मधला अंक विरघळलेला :
दोन, मग निळा डाग, मग एक.

"काय होतंय?"

तो माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत राहिला.
घड्याळ दिवाळीपासून बंद आहे.
"उन्हायी लागनी," म्हणाला.

बसा, म्हटलं. झोपेताई हात धुवायला गेल्यात.
पाणी हवं का विचारलं, तर म्हणाला, पीसनी उना.
रजिस्टर काढलं.
डागाखालचा अंक त्याला विचारला नाही.
पाठ होता.