ऐन, बेत, रेश

चिनीच्या यादीत माझं नाव लागलं नाही,
अरबीच्याही नाही.
कझान विद्यापीठ, प्रादेशिक अभ्यास, पहिलं वर्ष.
आम्ही पाच जण उरलो, हिब्रूही उरली होती.
मापाचे नसलेले बूट वाटावेत
तशी ती आम्हाला वाटली.

गेन्नादी अर्काद्येविच मूळचे चुवाश.
जेरुसलेम त्यांनी पाहिलेलं नाही.
तरुणपणी रात्री रेडिओ कानाशी धरून
ते ही भाषा शिकले,
सरकारने तिच्यावर सोडलेल्या खरखरीसकट.
ती अजून त्यांच्या 'ख'मध्ये आहे,
आणि आता आमच्याही.

मी डावखुरी.
उजवीकडून डावीकडे लिहिताना
आयुष्यात पहिल्यांदा
माझ्या तळहाताला शाई लागली नाही.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

छापलेल्या शब्दाला ना काना ना मात्रा.
स्वर वाचणाऱ्याने घालायचे,
आईच्या गप्प बसण्यात
आम्ही घालतो तसे.

मग आलं हे धातूचं पान: ऐन, बेत, रेश.
अवार, भूतकाळ. एवेर, काठ.
अवेरा, पाप.
आणि इव्रीत, म्हणजे ही भाषाच.
"ऐन आता कुणी उच्चारत नाही," सर म्हणाले,
"नुसती जागा धरून बसते."

त्या रात्री माझा भाऊ दारू पिऊन आला
आणि आई म्हणाली, "गिब्रॅत!"
बघा आणि शिका, अशा अर्थाने.
तातारमध्ये तो शब्द अरबीतून आलाय,
त्याच तीन अक्षरांचा.
सुरुवातीचा तो 'ग' घशातून आला,
मी चमचा खाली ठेवला.
ऐन आमच्या स्वयंपाकघरात होतं,
जिवंत, आणि चिडलेलं.

जानेवारीत तोंडी परीक्षा. व्होल्गा गोठलेली.
"घरच्यांबद्दल एक वाक्य बोल."
पाठ केलेलं सगळं विसरले.
अब्बा शेली माअवीर अनाशीम.
माझे बाबा माणसं पलीकडे नेतात.
सरांनी पेन ठेवलं. "कुठे?"
"दुसऱ्या एवेरला. वेर्खनी उस्लोनला.
बर्फावरून, हवेच्या गादीवरच्या बोटीने."
त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.
मग चार गुण दिले, पाचांपैकी;
अनेकवचन मी कुठेतरी चुकवलं होतं.

संध्याकाळी शेवटच्या फेरीत
इंजिनाच्या आवाजात मी ओरडून सांगितलं,
परीक्षेत तुमच्यावर बोलले.
बाबांनी काचेवरचं बर्फ खरवडलं.
"भाडं किती ते सांगितलंस का?"