मापाला उभा माणूस

"बाई, पूल आलाय."
सदर बझारातून याकूब शिकलगारचा फोन.
एवढंच बोलतो आणि ठेवतो.
मी फोडणीखालचा गॅस बंद करून निघते.

मोडकी टेनिस रॅकेट, चामडी बायबल,
कुणाच्या तरी मेजवानीचा छापील मेन्यू,
या सगळ्याखालून तो माझ्यासाठी बाजूला काढतो
कमानी असलेलं काहीही.
आधी पाच रुपये घ्यायचा.
मला नाही म्हणता येत नाही हे कळल्यापासून
दोनशे.
उंदरानं कोपरा खाल्लेलं एक कार्ड मात्र फुकट दिलं.
"पूल शाबूत आहे बाई, नुसतं आभाळ खाल्लंय."

नणंद म्हणते, लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात,
तू पूल?
तिला काय सांगू.
एकतीस वर्षं बांधकाम खात्यात ट्रेसर होते.
दुसऱ्याच्या पेन्सिलीवर
श्वास धरून शाईची रेघ ओढायची.
किती मोऱ्या, किती साकव
या मनगटातून गेले.
खाली सही साहेबांची.

आता साडीच्या खोक्यात त्रेसष्ट पूल आहेत,
कसर लागू नये म्हणून मध्ये मध्ये लवंगा.
बरेचसे राणीच्या काळातले, थोडे तिच्या मुलाच्या,
भाजलेल्या रव्याच्या रंगाचे.
एकात विलायतेतल्या कुणीतरी हातानं रंग भरलाय:
नदी निळी, आभाळ निळं, म्हैससुद्धा जरा निळसर.
आषाढातली कृष्णा त्यानं पाहिली असती
तर ब्रश चहात बुडवला असता.
मागे तिरकं, बारीक अक्षर:
इथे उकाडा फार. हा आमचा नवा पूल.
विनीचा खोकला कसा आहे?

अकरा वर्षं झाली,
विनीच्या खोकल्याचं पुढे काय झालं
मला कळलेलं नाही.

पण भिंग विकत घेतलं ते दुसऱ्याच कुणासाठी.
तो बहुतेक फोटोंत असतो, एखाद्या खांबाशी उभा केलेला,
पूल केवढा ते कळावं म्हणून.
कुठे पागोटं, कुठे घोंगडी, कुठे नुसती लंगोटी.
आम्ही नकाशाच्या कोपऱ्यात लिहायचो,
एक इंचास वीस फूट.
तसा तो.
हलू नकोस म्हणून बजावलं असणार.
पाय हललेले नाहीत.
डोकं तेवढं पुसट.
कुणीतरी हाक मारली असेल,
नावानं.

कार्डावर गाळे किती ते आहे, साल आहे,
स्टुडिओचा सोनेरी शिक्का आहे.

गेल्या रविवारी ते उंदीरखाल्लं कार्ड घेऊन
उरमोडीवर गेले.
जुन्या पुलावरून आता गाड्या जात नाहीत,
कठड्यावर गोधड्या वाळतात.
मागे सरकत सरकत शेणात पाय पडला,
तेव्हा कुठे कमानी जुळल्या.
बैल धुणाऱ्या पोरानं विचारलं,
"मोजणी हाय का? रस्ता जातोय आमच्यातनं?"
नाही रे. जरा तिथं उभा राहतोस, तिसऱ्या खांबाशी?
"कशाला?"
मापाला.
राहिला. हात बाजूला चिकटवून, शाळेतल्यासारखा.
हलू नको म्हणाले,
आणि नेमका बैल पाण्यातून निघाला.

फोटोत एक कान आलाय आणि मान.
मागे शाईनं, ट्रेसरच्या अक्षरात लिहिलं:
प्रज्योत किसन शेडगे, आठवी ब.
बैल पाखऱ्या.

उंची विचारायची राहूनच गेली.