चौकट क्रमांक अकरा

चार खिळे, सुतळी. मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
एवढ्यात उगवलं ते मोजायचं,
बाहेरचं नाही, कितीही देखणं असलं तरी.
पाथर्डीच्या डेपोमागे, कुंपणापासून चाळीस पावलांवर
मी गुडघे टेकते तेव्हा
लांबून कुणालाही वाटेल, बाईचं काहीतरी हरवलंय.

कुसळी : एकवीस काड्या.
टाकळा : सहा.
भुईरिंगणी : एक. फूल जांभळं, काटे शाबूत.
टोमॅटो : तीन.
कारलं : एक वेल, सुतळीलाच मांडव समजलेला.
झेंडू : आधी मोजला नाही, मग मोजला.
कुणाच्या तरी वास्तुशांतीचं तोरण
घंटागाडीतून इथवर आलं आणि रुजलं.
त्याला काय, दार नसलं तरी चालतं.

आणखी आठ.

सात वर्षांपूर्वी याच जागी, बोरसे सरांच्या वहीत
प्रजाती नऊ.
आज चौदा.
म्हणजे वाढ.
तक्त्यात हिरवा बाण, वर तोंड करून.

घारी तेव्हा दोन, आता दोनशे सोळा
(शेवटच्या वीस अंदाजे; डंपर आला नि सगळ्या उठल्या).
गायबगळे : वाढ.
कुत्री : रकाना नाही.
चंडोल :

इथे मी पेन टेकवून बसले आहे.
सरांनी समासात लिहून ठेवलंय,
सरळ वर जातो, गात राहतो,
खाली यायचं विसरल्यासारखा.
मी चार सकाळी वर बघितलं. मान दुखली.
शून्य लिहायचं की 'आढळला नाही'?
दोन्ही एकच नाहीत,
पण रकान्यात आकडाच मावतो.

तान्हुबाई गांगुर्डे गोणी ओढत येते,
चौकटीबाहेर बसते. तिला सांगावं लागत नाही.
"टाकळा लिवला का? लिवा. पन खाऊ नका इथला.
सासू माजी ह्याच माळावरून वटा भरून न्यायची.
आता शेळीबी हुंगून फिरते."
नाल्याचं पाणी काळं, चहापेक्षा काळं,
टाकळ्याच्या मुळाशी निवांत पसरलेलं.
मग एका गवताला ती असं नाव सांगते
जे माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.
'स्थानिक नाव'पुढे मी ते उतरवते.
ऱ्हस्व की दीर्घ, दोघींनाही ठाऊक नाही.

"चला, एक दावते."

नव्या हद्दीची फक्की पावसानं अर्धी पुसली,
तरी सरळ जाते, पांडवलेण्याच्या डोंगराकडे नाक करून.
तिच्या पलीकडे नाही, अलीकडे. आतच.
फुटक्या फरशीचे तुकडे, त्यांत टिटवीची अंडी.
फरशीला ठिपके, अंड्यांना ठिपके.
मला तीन दिसली.
तिनं बोट केलं तेव्हा चौथं.
भोवती तिनं जुना टायर मांडलाय.
"डायवर टायर बघून वळवत्यात.
अंडी बघून कोन वळवतंय?"

टिटवी डोक्यावर शिव्या घालत फिरते,
आम्हा दोघींना सारख्याच.

रकाना अठरा : परिणाम. तात्पुरता / मध्यम / कायम. योग्य तिथे खूण करा.
रकाना एकोणीस : उपाय. दोन ओळींत.

मी लिहिते, टायर.
खोडते.
पुन्हा लिहिते, बारीक अक्षरात.
हिरव्या बाणाखाली एक तळटीप टाकते :
'चौदापैकी सहा स्वयंपाकघरातून आलेल्या.'
तळटीप कोण वाचतं ते मला माहीत आहे.

उन्हं कलतात. खिळे उपटते.
सुतळी गुंडाळायला घेते तर एका कोपऱ्याला
कारल्याच्या तंतूचे तीन वेढे, कालपासूनचे,
घट्ट, स्प्रिंगसारखे.
सोडवायला गेले तर तुटेल.
मी सुतळीच कापते.
वीतभर तिथे राहते,
डेपोत माझीही भर.