पावकी

तालमीच्या वरची खोली मिळाली ती एकाच अटीवर:
गणपतीत तिथं ढोल राहणार.
उरलेलं वर्ष पोरं.

साडेपाचला शिफ्ट सुटते.
उद्यमनगरातून सायकल मारत येतो, नखांत कटिंग ऑइल,
आणि आधी जिन्याखालच्या चपला मोजतो.
चौदा जोड असले की जीव भांड्यात.
खाली लाल मातीत शड्डू घुमतो,
वरून मुस्कान शिकलगार ओरडते,
"मामा, आज फळा मी पुसतो, काल प्रज्वलनं पुसलाय!"
आमच्या पोरी पुसतोच म्हणतात.
कुणी सुधारायला येऊ नये.

मी कुठला मास्तर. दहावीला दोनदा बसलो,
मग लेथपुढं उभा राहिलो ते बावीस वर्षं.
म्हणून अपूर्णांक मला येतो तो फक्त सुतात.
आठ सूत, एक इंच.
चार सूत, अर्धा.
व्हर्निअर हातोहात फिरतो,
कुणी पेन्सिल मोजतं, कुणी कानाची पाळी,
प्रज्वल अतिग्रे स्वतःचं नाक मोजून म्हणतो,
"मामा, पीस रिजेक्ट."

दिगू यायचा बंद झाला
तेव्हा चार दिवस मी काही बोललो नाही.
फी घेत नाही, तर जाब कुठल्या तोंडानं विचारायचा?
पाचव्या दिवशीही तेराच.
अंगठ्याला तार बांधलेला तो जोड नव्हता.

सापडला गंगावेशीत, दूध कट्ट्यावर.
म्हशीच्या कुशीला टाळू टेकवून, गुडघ्यांत चरवी.
बाप शेजारी, हात प्लास्टरात,
नुसता बसलेला.
दिगू फेसाचा ग्लास पुढं करी
आणि तोंडानं चाललेलं,
सात पाव पावणेदोन,
एकोणीस पाव पावणेपाच,
तेवीस पाव पावणेसहा,
कुठं अडखळणं नाही, बोटं मोजणं नाही.
आणि याच पोराच्या सहामाहीच्या पेपरात
तीन छेद चारच्या पुढं
लाल शाईचा भोपळा.

म्हटलं, येणार कधी?
म्हणाला, "म्हस कुणाकडं सोडू?"
मी बापाकडं बघितलं.
बापानं रस्त्याकडं.

मुस्कानला सांगितलं तर ती म्हणाली,
"मग खोलीला कुलूप घालायचं की. आपणच जायचं."
इतकं सरळ मला का सुचलं नाही, कुणास ठाऊक.

आता गुरुवारी आमचा क्लास कट्ट्यावर.
गिऱ्हाईक कुरकुरतं, "इथं शाळा भरवली काय रं?"
शेणाचा वास, दप्तरांवर माश्या,
आरोहीच्या वहीवर म्हशीच्या शेपटीचा एक फटकारा,
तो तिनं खोडला नाही, त्याला चौकट केली.
मी सूत सांगत होतो.
दिगू पाठमोरा, धारेचा आवाज न थांबवता म्हणाला,
"मामा, दोन सूत म्हणजे पावच की."
मग थोड्या वेळानं,
"म्हणजे शाळेत इतके दिवस हेच चाललंय?"
आणि असा हसला
की म्हशीनं पाय उचलला.

बाप एवढंच बोलला, "चरवी सांभाळ."

प्लास्टर निघालं दिवाळीआधी.
हात अजून वळत नाही म्हणतात.
दिगू तिथंच आहे.

परवा शुक्रवारी जिन्याशी आलो, मोजलं,
चौदा.
एका दमात चार पायऱ्या चढलो
आणि थांबलो. परत खाली बघितलं.
तारेची चप्पल नव्हती.
चौदावा जोड भलत्याच मापाचा,
टाचांना ओली लाल माती.

वर गेलो तर कोपऱ्यात, पोरांच्या रांगेत,
खालच्या आखाड्यातला हणमू पैलवान मांडी घालून,
एक कान फुटलेला, खांदे दारात मावायचे नाहीत असे.
व्हर्निअर उलटा धरलेला.
मुस्कान त्याला दटावत होती,
"तसं न्हाई ओ. इकडं द्या. मी दाखवतो."